घामाला किती भाव?

१९६२ साली बीबीसीने लंडनच्या ईलिंग भागात एक पडीक घर विकत घेतलं. किंमत २,२५० पौंड. ते दुरुस्त होताना टीव्हीवर दाखवायचं, एवढाच खरेदीचा हेतू होता. बॅरी बकनेल नावाचा गृहस्थ दर आठवड्याला त्या घरात शिरायचा आणि प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत काहीतरी तोडायचा, जोडायचा, रंगवायचा. ‘बकनेल्स हाउस’ ही मालिका ३९ आठवडे चालली. त्याआधी ‘डू इट युवरसेल्फ’ या कार्यक्रमामुळे तो घराघरांत पोचलेलाच होता. प्रेक्षकांच्या पत्रांची उत्तरं लिहायला त्याला माणसं ठेवावी लागत. महायुद्धाने थकलेल्या ब्रिटनमध्ये कारागीर मिळत नव्हते, मिळाले तर परवडत नव्हते आणि बरीचशी घरं मात्र व्हिक्टोरिया राणीच्या काळातली होती. हातोडी हातात घेण्यावाचून बऱ्याच कुटुंबांना इलाज नव्हता.

बकनेलचा जीव जडला होता हार्डबोर्डवर. लाकडाचे तंतू दाबून बनवलेला हा पातळ पत्रा स्वस्त, हलका आणि साध्या करवतीने कापता येणारा. जुन्या दारांवरची चौकटीचौकटींची नक्षी म्हणजे धूळ साठायची जागा. मग ठोका त्यावर हार्डबोर्ड, दार कसं सपाट आणि आधुनिक दिसतं बघा! जिन्याच्या कठड्याचे कातीव खांब? त्यावरही हार्डबोर्ड. शेकोटीची नक्षीदार कमान? ती पेटीत बंद. लाखो लोकांनी शनिवार-रविवार घालवून हेच केलं, आणि घराची किंमत वाढल्याच्या समाधानात चहा प्याले.

पुढच्या पिढीने तोच हार्डबोर्ड पहारीने उचकटून काढला. आता ब्रिटनमध्ये घर विकायला काढलं की दलाल ‘मूळची शेकोटी’, ‘मूळची दारं’ असं जाहिरातीत मुद्दाम लिहितो. बकनेलचं एक पुण्य मानायला हवं: त्याच्या खिळ्यांखाली ती दारं शाबूत राहिली. ज्यांनी हौसेने दारं जाळून टाकली, त्यांच्या नातवंडांना आता भंगार-बाजारात तशीच दारं शोधत फिरावं लागतं.

हसण्याआधी आपल्याकडच्या फरशा आठवाव्यात. मुंबई-पुण्यातल्या जुन्या घरांत वेलबुट्टीच्या, चौकटींच्या रंगीत सिमेंट टाइल्स असायच्या. त्या बनवणाऱ्यांमधलं ठळक नाव म्हणजे १९२२ साली मुंबईत सिधवा मंडळींनी स्वदेशीच्या भावनेतून सुरू केलेली भारत टाइल्स. पितळी साच्यात रंग हाताने ओतून, दाबून बनवलेल्या या फरशा भट्टीत भाजाव्या लागत नाहीत. पाण्यात मुरवल्या की झालं. गेल्या दोन-तीन दशकांत ‘घर जरा मॉडर्न करू’ म्हणून कितीतरी ठिकाणी त्या उखडल्या गेल्या, किंवा त्यांच्यावरच चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल चिकटवली गेली. आता कॅफेवाले आणि आर्किटेक्ट तशाच हातघडणीच्या फरशा नव्याने बनवून घेतात आणि त्यासाठी चांगले पैसे मोजतात.

घराची किंमत वाढवायला निघालेला माणूस नेमका इथे फसतो. त्याला आज जे नवं वाटतं त्यावर तो घाम गाळतो. भाव ठरवणारा मात्र दुसराच कुणीतरी असतो आणि तो वेगळंच काही बघत असतो.

तो काय बघतो, याचा हिशेब अमेरिकेत अनेक वर्षं मांडला जातो. घरदुरुस्तीच्या व्यवसायासाठीच्या ‘रिमॉडेलिंग’ मासिकाच्या नावाने ‘कॉस्ट व्हर्सेस व्हॅल्यू’ हा अहवाल दरवर्षी येतो. कोणत्या कामाला किती खर्च झाला आणि त्यातला किती विक्रीच्या किमतीत परत येईल, याचे आकडे त्यात असतात. २०२४ च्या अहवालात पहिला नंबर कुणाचा? गॅरेजच्या दाराचा. दार बदलायला शंभर डॉलर घातले तर किंमत सुमारे १९४ डॉलरने वाढते, असा अंदाज होता. पाठोपाठ पोलादी पुढचं दार, १८८. स्वयंपाकघराची किरकोळ डागडुजी, म्हणजे कपाटांचे सांगाडे तेच ठेवून दर्शनी पल्ले, ओटा, सिंक, रंग वगैरे बदलणं, यातून ९६. आणि स्वयंपाकघर मुळापासून उचकटून, उंची लाकूड आणि दगड वापरून राजेशाही थाटात केलं तर? शंभरातले जेमतेम ३८ परत.

या आकड्यांवर डोळे मिटून विसंबू नये. ते मालमत्ता-व्यवसायातल्या लोकांच्या अंदाजांवरून काढलेले असतात, प्रत्यक्ष खरेदीखतांवरून नाही. आणि खर्चात ठेकेदाराची मजुरी धरलेली असते. पण चढत्या खर्चाबरोबर परतावा उतरत जातो, ही चाल दरवर्षी जवळपास तीच दिसते. कारणही समजण्यासारखं आहे. गॅरेजचं दार अमेरिकन घराच्या तोंडावरच असतं, दर्शनी भागाचा बराच हिस्सा तेच व्यापतं. ते गंजलेलं, पोचे पडलेलं असलं की गिऱ्हाईक गाडीतून उतरण्याआधीच मनात म्हणतं, ‘यांनी आत काय काळजी घेतली असणार?’ दार बदललं की ती शंका जाते. उंची स्वयंपाकघराने कुठलीच शंका जात नाही. उलट ज्याला काळा ग्रॅनाइट आवडत नाही, तो तो काढून टाकायचा खर्च मनातल्या मनात वजा करतो.

मालकाच्या नजरेला हे दिसत का नाही, याचाही एक गमतीदार प्रयोग झालेला आहे. मायकेल नॉर्टन, डॅनियल मोचोन आणि डॅन एरिअली या संशोधकांनी लोकांना कागदाचे बेडूक आणि बगळे घडी घालून करायला दिले. मग विचारलं, हे विकत घ्यायला किती द्याल? स्वतः केलेल्या ओबडधोबड वस्तूला करणाऱ्यांनी सरासरी २३ सेंट लावले. त्याच वस्तूला त्रयस्थांनी ५ सेंट. त्या विषयातल्या जाणकारांनी केलेल्या सुबक वस्तूंची किंमत २७ सेंट आली, म्हणजे आपला वेडावाकडा बेडूक करणाऱ्याला जवळजवळ उस्तादाच्या बेडकाइतकाच मोलाचा वाटत होता. घरी नेऊन स्वतः जोडाव्या लागणाऱ्या फर्निचरवरून या प्रकाराला त्यांनी ‘आयकिया इफेक्ट’ असं नाव दिलं. निबंध २०१२ चा. त्यातला आणखी एक बारकावा घरदुरुस्तीला फार लागू पडतो: अर्धवट राहिलेल्या कामाबद्दल ही माया उपजत नाही. बाल्कनीत सहा महिने पडून असलेला रंगाचा डबा पाहून कुणाचाच ऊर भरून येत नाही.

मग स्वतःच्या हाताने केलेल्या कामाने घराचा भाव खरोखर वाढतो कधी? या प्रश्नाचं सगळ्यात मोठं उत्तर न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर उभं आहे.

१९४७ साली विल्यम लेव्हिट या बिल्डरने तिथल्या बटाट्याच्या शेतांत घरं बांधायला घेतली. युद्धावरून परतलेले सैनिक, त्यांची नवी लग्नं, आणि राहायला जागा नाही. लेव्हिटने घरबांधणीचे सत्तावीस टप्पे पाडले. मोटारीच्या कारखान्यात गाडी सरकते आणि कामगार जागेवर असतात. इथे घर जागेवर आणि कामगारांच्या टोळ्या सरकत जायच्या. एक टोळी नुसती फरशी टाकणार, दुसरी नुसता लाल रंग देणार, तिसरी नुसता पांढरा. ऐन भरात दिवसाला तीस घरं उभी राहत. १९५१ पर्यंत १७,४४७ घरं झाली. सुरुवातीचं एकेक घर साडेसातशे चौरस फुटांचं: दोन झोपायच्या खोल्या, बैठकीची खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर. तळघर नाही. पण छपराखाली एक रिकामा माळा ठेवलेला, आणि त्या माळ्यावर जाणारा जिना मात्र बांधून दिलेला.

तो जिना ही लेव्हिटची खरी हुशारी. माळा पूर्ण करून दिला असता तर घर महाग झालं असतं आणि सैनिकांना परवडलं नसतं. जिनाच दिला नसता तर माळा कुणाला सुचलाही नसता. घरं लाकडी सांगाड्याची, भिंती जिप्समच्या पत्र्यांच्या. करवत, हातोडी आणि थोडा धीर असला की कुणालाही जमावं असं बांधकाम. दुसरं मूल झालं की बाप शनिवारी माळ्यावर चढायचा. शेजारचा मदतीला यायचा, पुढच्या महिन्यात हा त्याच्याकडे जायचा. माळ्यावर दोन खोल्या झाल्या, मग छपरातून बाहेर काढलेल्या खिडक्या, मग बाजूला गाडीसाठी शेड. या घरांत काय काय बदल करता येतील हे सांगणारं ‘थाउजंड लेन्स’ नावाचं खास मासिकही निघत होतं. एका साच्यातून काढलेल्या हजारो घरांतलं एखादं जसंच्या तसं राहिलेलं घर शोधायला पुढे संशोधकांना वणवण करावी लागली.

लेव्हिटटाउनमधली सात-आठ हजार डॉलरची घरं आज पाच लाखांच्या वर विकली जातात. सगळं श्रेय माळ्याला देणं भाबडेपणाचं होईल. न्यूयॉर्कच्या जवळची जमीन कुणी हात न लावताही महागली असती. तरी झोपायच्या दोन खोल्यांच्या चार झाल्या हे मोजपट्टीने दाखवता येणारं मोल आहे, गिऱ्हाइकाच्या आवडीनिवडीवर ते अवलंबून नाही. आणि हेही सांगायला हवं की हा भाव सगळ्यांच्या पदरात पडला नाही. सुरुवातीच्या करारांत गौरवर्णीय नसलेल्यांना राहायला मनाई करणारं कलम होतं. असल्या अटी न्यायालयं अमलात आणू शकत नाहीत, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला. लेव्हिटने कलम काढलं, पण कृष्णवर्णीयांना घर विकलं नाही. माळ्यावर खोल्या काढण्याआधी मुळात तो जिना हाताशी यावा लागतो.

आपल्याकडे ‘हाताने करा’ हे सांगायला टीव्हीची गरज नव्हती. वैशाख संपत आला की कोकणात घर शाकारायचं, कौलं उतरवून फुटकी बाजूला काढायची, वाशांना वाळवी लागली का बघायचं, कौलं पुन्हा चढवायची. मंगळुरी कौलं कोकणात पोचली ती बासेल मिशनच्या जर्मन-स्विस पाद्र्यांनी १८६५ साली मंगळुरात कारखाना काढल्यानंतर. त्याआधी गावच्या कुंभाराची नळीची कौलं किंवा गवताचं छप्पर. जमिनीला सारवण, भिंतीला गेरू किंवा चुना, हे घरातल्या बायकाच करायच्या. यात विक्रीची किंमत वाढवण्याचा विचार कुणाच्या स्वप्नातही नव्हता. घर पावसाला टिकलं पाहिजे, एवढाच हिशेब.

शहरी फ्लॅटमध्ये तो हिशेब आपण विसरलो, पण गिऱ्हाईक विसरलेलं नाही. जुना फ्लॅट बघायला आलेलं मराठी कुटुंब निरखून पाहा. वडील खिडकी उघडून ‘पाणी किती वाजता येतं?’ विचारतात. आई न्हाणीघराचं दार ढकलते, वर बघते, मग बेडरूमच्या ज्या भिंतीला न्हाणीघर लागून आहे तिच्यावरून हळूच तळवा फिरवते. सोफ्यामागच्या महागड्या वॉलपेपरकडे ती बघतसुद्धा नाही. बघितलंच तर तो तिथेच का लावला असेल, याचा विचार करते.

शंका रास्त असते. भिंतीला ओल असली की आतल्या विटांमधले आणि सिमेंटमधले क्षार पाण्यात विरघळून पृष्ठभागावर येतात, पाणी उडून जातं आणि पांढरी पूड मागे राहते. जुनी माणसं याला ‘लोणा लागला’ म्हणतात. त्यावर कितीही भारी रंग चढवा, पुढच्या आषाढात पोपडे धरतातच, कारण रंगाला मागून ढकलणारं पाणी तिथेच असतं. म्हणून विक्रीआधी रंगकाम करायचं असेल तर पहिलं काम शोधाचं. भिंतीवर फूटभर पातळ प्लॅस्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून एक-दोन दिवस ठेवावं. आतल्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला जमले तर खोलीतली दमट हवा थंड भिंतीला लागून घाम धरतेय, आणि त्यावर उपाय खिडकी उघडी ठेवणं इतका सोपा असू शकतो. न्हाणीघराचा संशय असेल तर जाळीचं तोंड बंद करून फरशीवर दोन इंच पाणी चोवीस तास तुंबवून ठेवायचं आणि खालच्या मजल्यावर जाऊन छत बघायचं. खालच्यांशी बोलचाल असावी, एवढी एकच अडचण.

पाणी कुठून येतं यावर खर्च कुणाचा हेही ठरतं. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या भिंती, गच्ची आणि सामाईक नळांची गळती संस्थेने दुरुस्त करायची. फ्लॅटच्या आतली संडास-न्हाणी-सिंकची गळती सभासदाने. बाहेरच्या भिंतीची चीर आतून पुट्टी भरून बुजवणारा मालक संस्थेचं काम स्वतःच्या पैशाने, तेही चुकीच्या बाजूने करत असतो.

खरोखर हाताने करण्यासारखी कामं असतात ती अगदीच किरकोळ दिसणारी. टाइल्समधल्या फटी काळ्या पडलेल्या असतील तर जुना माल खरवडून नवा ग्राउट भरणं हे एका रविवारचं काम, आणि वीस वर्षांचं न्हाणीघर त्याने दहा वर्षांनी तरुण दिसतं. सरकत्या अॅल्युमिनियम खिडक्यांच्या खालच्या पट्टीत पाणी बाहेर जायला बारीक भोकं ठेवलेली असतात. ती मातीने बुजली की जोराच्या सरीत पट्टी भरते आणि पाणी खोलीत उतरतं. लोक खिडकी बदलायचा दर विचारत फिरतात. टाचणी आणि जुना टूथब्रश पुरतो.

बंद फ्लॅटच्या वासाचं तर विचारूच नका. मुलं परदेशी, फ्लॅटला दीड-दोन वर्षं कुलूप, आणि दलालाने दार उघडताच गटाराचा भपका. गिऱ्हाईक जिन्यावरूनच परत फिरतं. कारण बहुतेकदा नहाणी ट्रॅप. हा शब्द देशभरच्या प्लंबरांच्या आणि इंजिनिअरांच्या तोंडी आहे, आणि आपल्या न्हाणीशी त्याचं नातं उघड आहे. जाळीखालच्या या वाटीत नेहमी थोडं पाणी साठून राहतं आणि तेच गटारातली हवा व झुरळं अडवतं. वापर थांबला की ते पाणी उडून जातं आणि वाट मोकळी होते. दर जाळीत एकेक तांब्या पाणी ओतायचं. वर चमचाभर खाद्यतेल टाकलं तर त्याचा तवंग पाणी उडू देत नाही, वाटी आणखी काही आठवडे भरलेली राहते. घराची किंमत वाढवणारं याहून स्वस्त काम सापडणं कठीण.

रंग स्वतः द्यायला हरकत नाही, पण खरवडताना जरा जपून. घरगुती रंगांमधल्या शिशाचं प्रमाण दशलक्षात ९० भागांपेक्षा जास्त नसावं, हा नियम भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या दारं-खिडक्यांच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. ते कोरडं घासलं की धूळ होऊन लहान मुलांच्या पोटात जातं. पॉलिश पेपर ओला करून घासावा, तोंडावर मास्क असावा आणि त्या दिवशी नातवंडं मावशीकडे असावीत. जुन्या अॅस्बेस्टॉस सिमेंटच्या पत्र्याला तर करवत लावूच नये. वायरिंग परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावं; तिथे वाचवलेली मजुरी फार महागात पडते.

आणि भिंत? ‘मधली भिंत पाडली की हॉल केवढा मोठा दिसेल’, हे वाक्य बहुतेक घरांत एकदा तरी उच्चारलं जातं. आरसीसीच्या नेहमीच्या इमारतीत भार कॉलम आणि बीमवर असतो, मधल्या चार इंची विटांच्या भिंती नुसत्या आडोशाच्या असतात, त्यामुळे पूर्वी हे कधीकधी खपून जात असे. जुन्या वाड्यांत किंवा चाळींत भिंतच छत पेलते. आणि गेल्या काही वर्षांतल्या उंच टॉवरांत अॅल्युमिनियमच्या साच्यांत, बिल्डरांच्या भाषेत ‘मायव्हान’मध्ये, आतल्या भिंतीही काँक्रीटच्याच ओतलेल्या असतात, त्या इमारतीचा भाग म्हणून भार घेतात. त्यांत तोडफोड सोडाच, वायरसाठी खोल चर पाडणंही धोक्याचं. रेरा कायद्याप्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला तर बिल्डरने तो विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. मालकाने स्वतःच भिंत फोडली असेल तर बिल्डरच्या हाती आयतं कारण मिळतं. शिवाय मंजूर नकाशाशी फ्लॅट जुळत नाही हे गिऱ्हाइकाच्या वकिलाच्या किंवा बँकेच्या माणसाच्या लक्षात आलं की मोठा दिसणारा हॉलच सौदा अडवतो.

बँकेचा माणूस हे पात्र या सगळ्यात फार महत्त्वाचं, आणि त्याला इंटिरिअरचं काडीचंही कौतुक नसतं. तो कार्पेट एरिया, इमारतीचं वय, मजला, कागदपत्रं आणि आसपासचे दर बघतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात मालमत्तेच्या मूल्याच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० आणि त्यावर ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. मूल्य बँक ठरवते. मालकाने मॉड्युलर किचन आणि फॉल्स सीलिंगचे म्हणून वर पाच लाख सांगितले, तर त्यावर कर्ज मिळत नाही. ते घेणाऱ्याला खिशातून काढावे लागतात, तेही स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणीचे पैसे भरून रिकामा झालेल्या खिशातून. मग घासाघीस नेमकी त्या पाच लाखांवर होते. शेवटी फर्निचर ‘सोडून जातो’ असं ठरतं, आणि मालक जाताना निदान पंखे तरी काढून नेतो.

कर भरतानाही घामाची पावती मागितली जाते. घर विकल्यावरच्या भांडवली नफ्यातून सुधारणेचा खर्च वजा करता येतो, पण ती सुधारणा भांडवली स्वरूपाची हवी: खोली वाढवली, नवं वायरिंग केलं, असं काही. दर चार वर्षांनी दिलेला रंग त्यात बसत नाही. आणि जी भिंत मालकाने स्वतः बांधली, तिच्या विटा-सिमेंटचं बिल दाखवता येतं. चार रविवारांचं बिल कुणी देत नाही. २३ जुलै २०२४ पासून दीर्घ मुदतीच्या नफ्यावर महागाई-निर्देशांक न लावता साडेबारा टक्के दर आला. त्याआधी घेतलेल्या घराच्या निवासी मालकाला जुन्या पद्धतीने निर्देशांक लावून वीस टक्क्यांचा हिशेबही करून बघता येतो. जुनी बिलं फायलीत जपून ठेवणारे आजोबा या एका दिवशी घरातले हिरो ठरतात.

लेव्हिटच्या जिन्यासारखं काही महाराष्ट्रात कुणी केलंच नाही असं नाही. नवी मुंबईत बेलापूरला, डोंगराच्या पायथ्याशी, चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते १९८६ दरम्यान सिडकोसाठी एक वसाहत आखली. तिला लोक आर्टिस्ट्स व्हिलेज म्हणतात. सुमारे साडेपाच हेक्टरांत साडेपाचशेच्या आसपास कुटुंबं. सात घरांच्या मधे एक छोटं अंगण, असे तीन गट मिळून एक मोठं अंगण. घरं लहान, उतरत्या छपरांची, गवंड्याला आणि सुताराला सहज कळतील अशी. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरचे, म्हणजे गरिबाच्या आणि बऱ्या स्थितीतल्याच्या जागेत फार तफावत नाही. आणि कळीची गोष्ट: कुठल्याही दोन घरांची भिंत सामाईक ठेवलेली नव्हती. ऐपत वाढेल तसं प्रत्येकाने आपलं घर वाढवावं, शेजाऱ्याच्या परवानगीवाचून.

लोकांनी घरं वाढवली. एक खोली, मग जिना, मग वरचा मजला. कोरिया यांना अपेक्षित होतं तसंच. त्यानंतर बेलापूर शहराच्या मध्यात आलं, रेल्वे आली, कचेऱ्या आल्या, आणि घरापेक्षा घराखालच्या जमिनीला भाव चढला. मग मूळ घर वाढवण्याऐवजी ते पूर्ण पाडून भूखंडभर दोन-तीन मजली आरसीसी बंगला बांधणं सुरू झालं. आता मूळची उतरत्या छपराची घरं अधूनमधून तुरळक दिसतात. ती बघायला वास्तुकलेचे विद्यार्थी अजूनही येतात आणि स्केचबुक उघडून अंगणात बसतात. पण त्यांतलं एखादं विकायला निघालं की येणारं गिऱ्हाईक भिंतीवरून तळवा फिरवत नाही, न्हाणीघराचं दारही ढकलत नाही. ते बाहेर उभं राहून भूखंडाची लांबी-रुंदी विचारतं.